रसत्याग

‘स्वादुपिंड’ हा शब्द आदगोंडा मगदूमनं नीट ऐकला तो मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात, बायकोच्या काविळीच्या निमित्तानं. शाळेत कधीतरी कानावरून गेला असणार, पण शाळेतलं त्याच्या डोक्यात फारसं टिकलेलं नव्हतं. तो आचारी माणूस. ‘स्वादु’ म्हटल्यावर त्याचे कान टवकारले आणि ‘पिंड’ म्हटल्यावर पोटात गोळा आला. तो जैन, त्याच्या घरात पिंडदान नव्हतं, पण दुसऱ्यांच्या तेराव्याचे स्वयंपाक त्यानं पुष्कळ केले होते. इतका चविष्ट आणि इतका अशुभ शब्द कुणाला सुचला असेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

डॉक्टर तहसीन सतारमेकर यांनी त्याला समोर बसवून सगळं समजावलं. सतारी करणाऱ्यांच्या घराण्यातली ही बाई. घरात सतार आता आडनावापुरतीच उरली होती, पण बोलणं सूर लावल्यासारखं सावकाश. राजमतीच्या पित्ताच्या नळीत खडा अडकलाय, म्हणून डोळे पिवळे आणि अंगात हुडहुडी. तोंडातून दुर्बीण आत न्यायची, जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीला. तिथं तिळाएवढं एक तोंड असतं. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी, दोन्ही त्या एकाच तोंडातून उघडतात, एका चौकटीला दोन खोल्या असाव्यात तशा. आपल्याला जायचं असतं पित्ताच्या खोलीत. तार कधी चुकून शेजारच्या खोलीत शिरते आणि तिथं जो निजलेला असतो तो उठून बसतो. पूर्वी हे माणसाच्या हातानं व्हायचं, आता तार यंत्राचा हात सरकवतो; धोका घटला, पण गेला नाही. शंभरातल्या मूठभरांचं स्वादुपिंड नंतर सुजतंच. त्यातही बाई, वय कमी, तब्येत धडधाकट, असं असलं की धोका जास्त, असा हा उलटा न्याय. राजमतीनं अजून चाळिशीही गाठलेली नव्हती.

आदगोंडानं मान डोलावली. मूठभर म्हणजे आपण नव्हे, असं प्रत्येक जण धरून चालतो.

डॉक्टरांनी हयगय केली नाही. सुजेला अटकाव करणारं औषध आधीच दिलं, रस वाहता राहावा म्हणून स्वादुपिंडाच्या नळीत काडीसारखी बारीक नळी ठेवली, सलाईन भरपूर सोडलं. खडा निघाला. राजमती शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य ‘भूक लागलीय’ असं म्हणाली, तेव्हा आदगोंडाच्या जिवात जीव आला. पिशवीत तिचा लहान डबा होता, त्यात हुग्गी. दुसऱ्या दिवशी खायला परवानगी मिळेल म्हणून त्यानं भल्या पहाटे करून आणली होती. संध्याकाळी तिनं पोट धरलं. सकाळ झाली तेव्हा ती अतिदक्षता विभागात होती आणि हुग्गी डब्यात आंबून गेली होती.

या डब्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लग्नांत आता बहुतेक ठिकाणी स्वयंपाकाची यंत्रं येतात, मसाल्याच्या नळकांड्या जोडल्या की पंगतीच्या पंगती उठतात. पण हुग्गी, म्हणजे गूळ आणि तूप घालून सावकाश शिजवलेली गव्हाची खीर, ती मिरज-जयसिंगपूर भागात अजून हातचीच लागते, आणि हात आदगोंडाचाच लागतो. अशाच एका लग्नात वाढपी आत येऊन म्हणाला की एक पोरगी तिसऱ्यांदा हुग्गी मागतीय. आदगोंडा पळी हातात घेऊन बाहेर बघायला आला. तिनं मान वर केली, ताट पुढं केलं आणि लाजली मात्र नाही. तीच राजमती, पुढं त्याची बायको झाली. त्यानंतर प्रत्येक लग्नात पातेलं उतरलं की पहिली पळी तिच्या डब्यात पडायची, मग वरमाईला. प्रेमाचं बोलणं त्याला कधी जमलं नाही. संध्याकाळी डबा घेऊन यायचा आणि विचारायचा, ‘जेवलीस काय?’ तिला त्यातलं सगळं समजायचं.

आता डॉक्टर सांगत होत्या की जो रस अन्न पचवायला आतड्यात उतरायचा, तो पिंडाच्या आतच जागा झालाय आणि पिंडालाच पचवायला लागलाय. आदगोंडाला हे लगेच कळलं. झाकण घट्ट बसलं आणि खालचा जाळ ओढला नाही की पातेलं स्वतःच जळतं.

“जाळ कसा ओढायचा?” त्यानं विचारलं.

जाळ ओढायला एक पट्टी होती. साध्या सुजेत माणूस चार दिवसांत उठतो, त्याला उलट लवकर जेवायला घालतात. पण ज्यांचं पिंड जागोजाग मरायला लागतं त्यांच्यासाठी ही शमनपट्टी नवीन निघाली होती. मेंदूतून एक लांब नस मानेवाटे खाली पोटाकडे जाते. तिच्यातूनच स्वादुपिंडाला हाक जाते की अन्न येतंय, रस सोड. पट्टी मानेला बांधली की ती हाक मधेच अडवते आणि पिंडाला निजू देते. शेजारच्या स्क्रीनवर एक हिरवी रेघ असते: रेघ खाली तर पिंड निजलेलं, वर उसळली तर जागं. अडचण एकच. त्याच नसेवर हृदयही बसलेलं आहे. पट्टीचा जोर एका हद्दीपलीकडे वाढवला तर पिंडासोबत हृदयही निजेल.

पट्टी बांधल्यावर राजमतीची रेघ खाली आली, पण पूर्ण नाही. तरी डॉक्टरांना बरं वाटलं. त्यांनी आदगोंडाला पाच मिनिटं आत सोडलं.

तो तिच्या उशाशी उभा राहिला. नाकात नळी, हाताला सुया, ओठ सुकून पापुद्रे आलेले. असल्या वेळी माणूस काय बोलतो? देवाचं नाव घेतो, नाहीतर धीर देतो. आदगोंडाला धीर द्यायची एकच रीत ठाऊक होती.

“लवकर बरी हो, राजे,” तो म्हणाला. “घरी गेलो की पहिल्यांदा हुग्गी करतो बघ. मधे खड्डा करून तूप, तुला पाहिजे तसली.”

राजमतीनं डोळे उघडले. सुकल्या ओठांवरून जीभ फिरवली आणि हसली. स्क्रीनवरची रेघ ताडकन वर गेली. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती अशी ओरडली की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठला. नर्सनं आदगोंडाला खांद्याला धरून बाहेर काढलं.

डॉक्टर रागावल्या नाहीत, ते त्याला जास्त लागलं. त्यांनी सांगितलं की भूक पोटात सुरू होत नाही, डोक्यात होते. रशियात एका शास्त्रज्ञानं कुत्र्यांना घंटा वाजवून जेवायला घातलं, तर पुढं नुसत्या घंटेनं त्यांच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. अन्नाचा वास, अन्नाची आठवण, अन्नाचा शब्द, इतकंही पिंडाला जागं करायला पुरतं. एरवी ती देवाची दया. आज तेच विष.

त्या दिवसापासून त्या खोलीत खाण्याचं नाव काढायचं नाही असा नियम झाला, आणि मग सगळ्यांना कळून चुकलं की आपली भाषा किती खादाड आहे. आपण मार खातो, बोलणी खातो, भाव खातो, कच खातो, आणि काही सुचेनासं झालं की एकमेकांचं डोकं खातो. नर्स ‘गोळी घ्या’ म्हणायची, ‘खा’ म्हणायची नाही. भेटायला येणारे नातेवाईक तर कुचकामी ठरले. जेवलीस का, काय खावंसं वाटतंय, तुझ्यासाठी काय आणू, एवढं काढून घेतल्यावर आजाऱ्याशी बोलायला त्यांच्यापाशी काहीच उरत नव्हतं. ते सलाईनचे थेंब मोजायचे आणि निघून जायचे.

पण रेघ खाली येईना. नर्सच्या लक्षात आलं की ती उसळते त्याच्या आधी बाहेर कोण आलेलं असतं. आदगोंडा. तो बोलत नव्हता, आतही जात नव्हता. नुसता व्हरांड्यातून चालत आला तरी रेघ उठायची. त्यानं स्वयंपाक बंद केला. अंगाला फोडणीचा वास असेल म्हणून दोनदा आंघोळ केली, नवे कपडे घातले, पायातल्या वहाणा बदलल्या. त्याची चाल राजमतीच्या कानात बसलेली होती. संध्याकाळी डबा घेऊन येणारी चाल.

“घंटा तुम्ही आहात,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांना हे बोलताना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

म्हणून तो जिन्याच्या खाली, मोटारी लावतात तिथं जाऊन बसू लागला. वर ती विचारायची, ‘हे कुठं गेलेत?’ तो येत नाही म्हटल्यावर त्याची वाट बघायची, आणि वाट बघण्यानंही रेघ चढायची. चंपाक्का वर बसायची. आदगोंडाची थोरली विधवा बहीण, त्यांच्याच घरात राहणारी, कमी बोलणारी. तिनं खाली येऊन सांगितलं की राजमती म्हणते, “दमलो ओ मी. त्यांना एकदा बोलवा.” मिरजेकडच्या बायका बोलतात तसंच, पुरुषासारखं, ‘दमलो’. आदगोंडानं भिंतीवर कपाळ टेकलं आणि हुंदका दिला. माणसं बघत होती, त्याला त्याचं काही वाटलं नाही.

डॉक्टरांनी तिला गाढ झोपवून पाहिलं. झोपेत तरी मन थांबेल असा हिशेब. झोपेत रेघ जास्तच नाचली, आणि राजमतीचा जबडा हळूहळू हलत होता, चघळल्यासारखा. मनी वसे ते स्वप्नी दिसे. झोपेचं औषध बंद करावं लागलं. मळमळीचं औषध देऊन अन्नाची शिसारी आणावी, तर मळमळही त्याच नसेवरून चालते. तिची लघवी कमी झाली होती, श्वास वरच्या वर लागत होता. पिंडाचा जवळजवळ अर्धा भाग मेलेला दिसत होता. उद्या-परवापर्यंत पिंड शांत निजलं नाही तर बाकीची इंद्रियं एकामागोमाग हात टेकतील, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

त्याच दुपारी डॉक्टरांनी शेवटचा उपाय म्हणून एक गोष्ट केली. निरोगी माणसाची रेघ कशावर किती उसळते हे त्यांना ताडून बघायचं होतं, म्हणजे राजमतीला नेमकं काय जागं करतं ते कळलं असतं. दुसरी पट्टी आणून, तिचा जोर बंद ठेवून, त्यांनी ती आधी आदगोंडाच्या मानेला बांधली. समोर वाट्या ठेवल्या: चटणी, भाकरी, गूळ, तूप, उपाहारगृहातून आणलेली हुग्गी. आदगोंडाची रेघ प्रत्येक वाटीला नाचली. आचारीच तो. मग चंपाक्का. चटणीला तिची रेघ उठली, गरम भाकरीला चांगलीच उठली. गुळाची वाटी पुढं केली तर रेघ मेल्यासारखी पडून राहिली. हुग्गीलाही तेच. डॉक्टरांना वाटलं पट्टी बिघडली. त्यांनी पुन्हा चटणी दाखवली, रेघ उठली. पुन्हा गूळ, पुन्हा काही नाही.

“गूळ आवडत नाही का तुम्हाला?”

“लई आवडायचा. सोडलाय मी,” चंपाक्का म्हणाली.

नवरा गेला त्या वर्षी तिनं रसत्याग केला होता. जैनांत ही रीत आहे. दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ, यांतला एखादा रस माणूस काही काळ किंवा जन्मभर सोडतो. चंपाक्कानं गोड जन्माचं सोडलं होतं. त्या घरात दर लग्नसराईत गुळाच्या ढेपा येत, आणि ती त्यांच्या शेजारी बसून गहू निवडत असे.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. पथ्य पाळणारे रोगी त्यांनी हजारो पाहिले होते. साखर बंद केलेल्या माणसाला जिलबी दाखवली की त्याची रेघ छतापर्यंत जाते, हे त्यांना माहीत होतं. मग हे काय? किती वर्षं लागली सुटायला, असं त्यांनी विचारलं.

“वर्षं कशाला लागतील? सोडलं तवाच सुटलं. पथ्याला शेवट असतोय, म्हणून जीभ वाट बघत बसती. त्यागाला शेवट न्हाई. जीभ वाट कुणाची बघणार?”

डॉक्टरांनी हेच आदगोंडाला आपल्या वैद्यकाच्या भाषेत सांगितलं: मेंदू आशेवर हाक मारतो. मिळेल असं वाटतं तोवर पिंडाला उठवत राहतो. मिळणारच नाही असं त्याला खरोखर पटलं, तर तो हाक मारायचं सोडून देत असावा. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. एका बाईच्या रेघेवरून मी बोलतेय, चुकतही असेन. पण माझ्यापाशी दुसरं काही राहिलेलं नाही.

राजमतीनं काय सोडायचं, हाच मग प्रश्न होता. गोड सोडून भागणार नव्हतं. डॉक्टरांनी उपाहारगृहाची हुग्गी झाकून तिच्या खोलीच्या दाराशी नेऊन पाहिली होती. रेघ जेमतेम हलली. आदगोंडा रिकाम्या हातानं जिन्यापर्यंत आला की उसळायची. सोडायचं होतं ते आदगोंडाच्या हातचं. जन्मभराचं.

आदगोंडा उठून खिडकीपाशी गेला. राजमती जगावी यासाठी त्यानं हात तोडून दिला असता, असं तो गेले काही दिवस मनात म्हणत होता. आता खरोखरच हात मागितला, तर त्याला घाम फुटला. आपल्या हातचं तिनं सोडलं तर तिच्या आयुष्यात आपण कोण? वाटेवरचा माणूस. त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण विचार आला तो आला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, जास्त शहाणा: आत्तापुरतं सोडू दे. जीव तर वाचू दे. पुढचं पुढं बघता येईल. बरी झाल्यावर एक दिवस डबा उघडून पुढं ठेवला तर कोण बघायला येणार आहे?

हा विचार पोटात ठेवून तो आत गेला. त्याच्या पावलांनी रेघ चढलेलीच होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, पट्टीचं, चंपाक्काच्या गुळाचं. सोड म्हणाला. राजमती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हा काहीतरी राखून बोलतोय हे तिला कळलं. इतकी वर्षं त्याच्या गप्प बसण्यातून अर्थ काढणारी बाई ती. तिनंही त्याच्यासारखंच, त्याचं मन राखायला, हात जोडले. “सोडलं,” म्हणाली, आणि ओठाच्या कोपऱ्यातून जराशी हसली.

रेघ तसूभर खाली आली नाही.

बाहेर आल्यावर चंपाक्कानं भावाकडे नुसतं पाहिलं. “दोघांनी मिळून खोटं सोडलासा,” ती म्हणाली. “देवाला फसवाल. पोटाला कसं फसवणार?”

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर श्वासाच्या यंत्राबद्दल बोलायला आल्या. राजमतीचे हातपाय थंड पडत होते. नळ्या घातल्या की तिला बोलता येणार नाही, काही सांगायचं असेल तर आता सांगून घ्या, असं म्हणून त्या बाजूला झाल्या. त्यांचे डोळे लाल होते.

आदगोंडाच्या हातात ती पिशवी होती. एवढ्या दिवसांत तो ती खाली ठेवायचाच विसरला होता. आत तिचा डबा, आंबलेलं टाकून घासून ठेवलेला. लग्न झालं त्या वर्षी घेतलेला, झाकणावर राजमतीचं नाव कोरलेलं. व्हरांड्यात एक म्हातारी बाई कुणाच्या तरी पेजेसाठी भांडं मागत हिंडत होती. आदगोंडानं डबा काढला आणि तिच्या हातात दिला. परत आणून देते म्हणाली. नको म्हणाला, ठेवा तुम्हालाच. ती नाव वाचत वाचत निघून गेली, आणि तो ती वळणाआड होईपर्यंत बघत राहिला. त्याच्या छातीत काहीतरी खरोखर तुटलं. तेव्हा त्याला कळलं की काल आपण सोडलं नव्हतं.

तो आत गेला. चंपाक्का खाटेपाशीच होती. या वेळी तो बसला नाही.

“राजमती, तुझा डबा मी देऊन टाकला.”

तिचे डोळे त्याच्याकडे वळले. शेजारी रेघ वर गेली, नर्सनं हात पुढं केला, डॉक्टरांनी तिला थांबवलं.

“मी सोडलं,” तो म्हणाला. “तुला वाढायचं सोडलं. या जन्मात माझ्या हातचा घास तुझ्या तोंडात पडायचा न्हाई. चंपाक्काच्या समोर सांगतोय. तू सोड न्हाईतर नको सोडू, आता तुला मिळायचं न्हाई.”

राजमतीनं त्याचा चेहरा धुंडाळला. काल जे सापडलं होतं ते आज कुठं आहे का, ते ती बघत होती. मिळालं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानांत गेलं.

“मग तुमच्याजवळ माझं काय राहिलं?” तिनं विचारलं. शब्द नळीवरून घासत आले.

“तू राहा. बास झालं.”

तिनं हात जोडायचा प्रयत्न केला, सुयांमुळे जुळले नाहीत. “सोडलं,” ती म्हणाली. या वेळी हसली नाही. डोळे मिटले आणि पुन्हा उघडले, आणि आदगोंडाला स्क्रीनच्या आधी कळलं. ती त्याच्याकडे बघत होती, ओळखत होती, पण त्या लग्नाच्या पंगतीत तिसऱ्यांदा ताट पुढं करताना जे तिच्या नजरेत होतं आणि नंतर रोज संध्याकाळी दार उघडताना असायचं, ते विझलं. मग डॉक्टर हळू आवाजात रेघेचे आकडे सांगू लागल्या. रेघ उतरत होती, थांबत होती, पुन्हा उतरत होती. दुपारी ती तळाशी जाऊन पडली आणि तिथंच राहिली. नर्सनं आनंदानं आदगोंडाच्या पाठीवर थाप मारली. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

राजमती जगली. मेलेल्या पिंडाच्या जागी पुढं पाण्याच्या गाठी झाल्या, त्या काढाव्या लागल्या, साखरेच्या सुया जन्माच्या मागे लागल्या. पण जगली. उन्हाळा संपता संपता ती घरी आली. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी कुतूहलानं पुन्हा पट्टी बांधली. भाकरीला, चटणीला रेघ व्यवस्थित उठत होती. उरलेलं पिंड शहाण्यासारखं काम करत होतं. मग त्यांनी आदगोंडाला दारातून चालत यायला सांगितलं. तो आला. राजमतीनं मान वर केली, ओळखीचं हसली. रेघ हलली नाही.

“उत्तम,” डॉक्टर म्हणाल्या, आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून पट्टी सोडायला लागल्या.

घरात आता राजमती स्वतःचं स्वतः करून घेते. लग्न झाल्यापासून आचाऱ्याच्या घरात राहिलेली बाई, तिला स्वयंपाक येत नव्हता. भाकरी एका बाजूला करपते, आमटी कधी पाणी तर कधी पिठलं. आदगोंडा बाजूला बसून बघतो. तिखट किती घालायचं ते सांगायला जीभ वळवळते, पण चंपाक्कानं डोळे वटारले की गप्प बसतो. सांगणंही वाढण्यासारखंच आहे, असं तिचं मत आहे.

परवा तो जयसिंगपूरच्या लग्नातून संध्याकाळी परतला. पातेलं उतरलं तेव्हा पहिली पळी भरून त्याचा हात सवयीनं बाजूला गेला होता, आणि तिथं डबा नव्हता. थोडा वेळ तो पळी तशीच धरून उभा होता. वाढपी हाका मारायला लागल्यावर त्यानं ती परत पातेल्यात ओतली.

घरी आला तर राजमती चुलीपाशी होती. त्याच्या अंगाला गूळ-तुपाचा वास येत होता.

“काय केलं होतासा आज?” तिनं विचारलं.

“हुग्गी.”

“हं,” ती म्हणाली. दुसऱ्या गावच्या पावसापाण्याची चौकशी करावी तसं. मग हात पुसून म्हणाली, “जेवलासा काय? भाकरी हाय बघा. बसा.”

लग्नघरचा आचारी कधी उपाशी परतत नाही. तो पोटभर जेवून आला होता. तरी बसला. तिनं ताट पुढं ठेवलं. आमटी तोंडात घातली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मीठ दुप्पट पडलं होतं. चिमूटभर मीठ चुकलं म्हणून त्यानं माणसं कामावरून काढली होती.

“खारट झालीय काय?”

“न्हाई. बरोब्बर हाय,” तो म्हणाला, आणि वाटी संपवून पुढं केली. तिनं वाढली. तीही संपवून पुन्हा पुढं केली, तिनं पुन्हा वाढली, तीही संपवली. चंपाक्का कोपऱ्यातून बघत होती.

त्यानं तिसऱ्यांदा वाटी पुढं केली. राजमतीचा पळीचा हात थांबला. कोण एवढं मागतंय ते बघायला तिनं मान वर केली, आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं.